नौकेचे नाव

हर्णैच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यावर
वीस वर्षं मी वही लिहितो:
तारीख, लाद्या, नौकेचे नाव, उधार की रोख.
अमोनियाचा वास माझ्या शर्टांना आहे,
लग्नाच्या फोटोतल्या शर्टालाही असणार.

कॉम्प्रेसर बंद झाला त्या रात्री झोप लागेना.
त्याची घरघर होती म्हणून
इतकी वर्षं आम्ही घरात ओरडून बोलत होतो,
हे तेव्हा कळलं.
हेमांगी म्हणाली, हळू. शेजारी ऐकतात.
मी पतपेढीच्या हप्त्याबद्दल बोलत होतो.

मजगावकर शेठ माणूस वाईट नाही.
पहिला महिना पुरा दिला, दुसरा अर्धा,
तिसऱ्याला मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, बघू.
'बघू'वर सिलिंडर किती दिवस चालतो?
संपत आला की हेमांगी त्याला आडवा करते,
जरा हलवते, पुन्हा उभा करते,
तेवढ्यात एक चहा होतो.

तीन जूनच्या वादळात कारखान्याचे पत्रे उडाले.
एक आमच्या परसात, फणसाला अडकलेला.
मी तो परत नेऊन दिला नाही.
न्हाणीवर टाकला, पगारात धरला.

टेकबहादूर आकडा लावून लाद्या ओढायचा, अनवाणी.
तो पायीच निघाला होता, नेपाळ म्हणाला,
जसं आम्ही दापोली म्हणतो.
जाताना बूट मागितले.
मी म्हटलं, एकच जोड आहे रे.
दोन होते.

मुलीचा वर्ग दीपगृहाच्या चढावर भरायचा,
तिथेच काय ती रेंज.
एकदा खाली येऊन विचारलं तिने,
बाबा, फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहू?
लिही, बर्फ.
बर्फ हा काय व्यवसाय असतो?

मधे चार महिने चाललं, अर्ध्या टाकीवर.
पुन्हा थांबलं.
मग दुसऱ्या वर्षी, एप्रिलात,
रात्री साडेनऊला शेठचा फोन:
परवा पहाटे चाळीस लाद्या पाहिजेत, टाकी आत्ताच लाव.

चाळीस!
मी आधी दराने गुणलं.
आनंद झाला, हे इथे लिहून ठेवतो.
चपला घातल्या, एक माझी, एक हेमांगीची,
आणि मग विचारलं, कुठली बोट?

शेठ गप्प.
फोनमध्ये समुद्र येत होता, त्याच्याकडचा आणि माझ्याकडचा,
एकच, थोडा मागेपुढे.
बोट नाही रे, म्हणाला. दवाखाना.
तिथली पेटी बिघडलीय
आणि माणसं जास्त झालीत.

टेक नव्हता, मीच ओढल्या.
टेम्पोवाल्याला क्रशर चालू करू का विचारलं,
तो म्हणाला, नको, अख्ख्याच द्या.
लादीच्या पोटात एक पांढरी रेघ असते, अडकलेल्या हवेची.
पापलेट ठेवायच्या घाईत
ती मी कधी नीट बघितली नव्हती.

शेठने दोन हजार हातावर ठेवले. रोख.

सिलिंडर आला.
सोड्यांची आमटी झाली, कितीतरी दिवसांनी दाट.
कुठल्या बोटीचं काम होतं, हेमांगीने विचारलं.
होती एक. मोठी.
तिने आणखी भात वाढला.
मी जेवलो. पोटभर जेवलो.

ऑगस्टात बोटी सुटल्या,
वहीत पुन्हा नावं आली,
दर्याकन्या, गौसिया, कालभैरव, उधार, उधार, रोख.
एका तारखेला फक्त लाद्या आहेत, चाळीस,
आणि मधला रकाना तसाच.

हिशेब तपासताना शेठ
त्या कोऱ्या जागेवर
क्षणभर बोट ठेवतो
आणि पान उलटतो.